दोघांत एक वाचनखूण

बॅगेचा पट्टा म्हणून जन्माला आले आणि झाले वाचनखूण. मित्रांनो, तुम्ही मला बुकमार्क म्हणता. माझी हकिकत सांगायला बसले खरी, पण आधीच सांगून ठेवते, माझ्या डोक्यात सगळा गोंधळ आहे. सारे आयुष्य पुस्तकांत गेले, तरी एकाही पुस्तकाचा शेवट मला ठाऊक नाही. शेवट जवळ आला की मला उचलून टेबलावर ठेवतात.

भाऊ बॅगा दुरुस्त करतात. एका तुटलेल्या चामडी पट्ट्याचा तुकडा उरला, त्याला कडेने टाके घालून त्यांनी मला घडवले आणि ताईंना दिले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, निवृत्त नर्स. दोघे भावंडे एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. "टाके सरळ आलेत हो," एवढेच ताई म्हणाल्या, पण तेव्हापासून त्यांनी मला कधी अंतर दिले नाही.

ताईंना शहरांवरची, समाजावरची नवी पुस्तके वाचायचा भारी नाद. आणि मत विचारायची सोय नाही, ते न विचारताच मिळते. "फुटपाथवर एवढं जाडजूड लिहिलंय, पण हा गृहस्थ कधी पायी गेलेला दिसत नाही," असे एकाविषयी. "शेजाऱ्यांवर छान लिहिलंय, पण शेजारी भांडतातसुद्धा, हे बाई विसरल्या," असे दुसऱ्याविषयी. मला दोन्ही पटे. दुसऱ्या दिवशी ताई नेमके उलट बोलत, तेही पटे.

मग एक दिवस बिल्डरचा माणूस आला. जुनी इमारत पाडून उंच इमारत बांधायची होती. त्यात घर घ्या, नाहीतर पैसे घेऊन दुसरीकडे जा, असे तो सांगून गेला. ताई ग्रंथालयातून एक नवे जाड पुस्तक घेऊन आल्या. शहर उंच वाढावे की जुन्या गल्ल्या राखाव्यात, यावरच ते होते. "आधी वाचू, मग ठरवू," त्या म्हणाल्या. वर्तमानपत्रापलीकडे न जाणारे भाऊही या वेळी वाचायला बसले.

इथेच घात झाला. पुस्तक एक आणि मीही एकच. ताई सकाळी चहाबरोबर एक प्रकरण वाचत आणि मला तिथे ठेवत. संध्याकाळी दुकानातून आल्यावर भाऊ मी असेन तिथून पुढचे प्रकरण वाचत आणि मला पुढे सरकवत. आपण काल इथे थांबलो होतो का, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. मधला धागा लागला नाही की ताई म्हणत, "हल्ली लिहितातच असं तुटक." भाऊ चष्म्याला दोष देत.

लेखकाने एक प्रकरण जुन्या गल्ल्यांच्या बाजूने लिहिले होते, तर पुढचे उंच इमारतींच्या. गल्ल्या सगळ्या ताईंच्या वाट्याला आल्या आणि मजले भाऊंच्या. मी दोन्हीकडे दबले जात होते. सकाळी मला अंगण हवेसे वाटे, संध्याकाळी लिफ्ट.

"लेखक स्पष्ट म्हणतो, जुनं पाडू नका!" ताई म्हणाल्या.

"ताई, तू वाचतेस की डुलक्या काढतेस? तो म्हणतोय, वर चढा!"

बोलता बोलता शब्दाने शब्द वाढला. आयुष्यभर एका ताटात जेवलेली भावंडे "आपापलं बघू" यावर आली. भाऊंनी नव्या इमारतीत जायचे, ताईंनी पैसे घेऊन वेगळे राहायचे. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण चामड्याला जीभ कुठली? फार वाईट वाटले.

शेवटी भाऊंनी रागारागाने पुस्तक उघडले आणि मोठ्याने वाचून दाखवले. ताईंनी ते हिसकावून घेतले. "हे पान मी वाचलंच नाही." चार पाने मागे गेल्या. "आणि हे?"

"हे मी नाही वाचलं," भाऊ म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मग ताई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला आणि भाऊंनी पाणी आणून दिले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ताईंनी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचले. त्याने गोंधळ मिटला म्हणता? छे! गुडघे धरून ताई लिफ्टचे गुण गाऊ लागल्या आणि भाऊंना अंगण सुटेना. शेवटच्या पानाआधी मला नेहमीसारखे टेबलावर ठेवले.

बिल्डरचा माणूस पुन्हा आला. "मग, काय ठरलं?"

"पाडावी की राखावी, ते आम्हाला अजून कळत नाही," ताई म्हणाल्या. "पण घर वर असो की खाली, आमचं एकच."

"चाव्या दोन द्या," भाऊ म्हणाले, "पण दार एक."

हे कोणत्या पानावर होते, ते मी आठवून पाहिले. मी राहिले त्या एकाही पानावर नव्हते. बहुधा शेवटच्या पानावर असेल.

मित्रांनो, पानांचे कोपरे दुमडू नका, त्यांना दुखते. माझ्यासारखीला जपून ठेवा. आणि एकच पुस्तक दोघे वाचत असाल, तर भांडण्याआधी एवढे विचारा, "तू कुठवर आलास?"