थोरल्याचा ठसा

बाळाच्या नावावरून पहिलं रक्त सांडलं ते सातव्या दिवशी, आणि तेही बिचाऱ्या सुईणीचं.

ती आली होती बाळाला तेल लावायला. पायांवर पालथं घालून पाठ चोळता चोळता सहज म्हणाली, "किती मऊ गं पोरगं, नुसता लोण्याचा गोळा! ह्याला नावही मऊच शोभेल." आणि तिनं एक नाव सुचवलं. झऱ्याचं होतं की वाऱ्याचं, नंतर कुणालाच आठवेना. भट्टीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या लोहारानं हातातली सांडशी भिरकावली. ती बाळाच्या अंगावरून वीतभर अंतरानं गेली आणि सुईणीच्या भुवईवर बसली. तेलाच्या वाटीत टपटप लाल थेंब पडले.

"नाव ठरलंय," म्हातारा म्हणाला. "माझ्या थोरल्याचं नाव. आता ज्याला आपली अक्कल पाजळायची असेल त्यानं डोकं सांभाळून पाजळावी."

धाकट्या सुनेनं पोर उचललं, छातीशी धरलं. तिचं स्वतःचं नाव गल्लीत कुणी घेत नसे. तिला सगळे घणवाली म्हणत. सहा वर्षं ती ह्या लोहारशाळेत घण मारत होती. म्हातारा एका हातात सांडशीनं तापलं लोखंड धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीनं त्यावर टिचकी मारायचा. टिचकी पडेल तिथे हिचा घण पडायचा. बोलणं नाही, बघणं नाही. आणि हातोडी ऐरणीच्या मोकळ्या अंगावर दोनदा वाजली, टण् टण्, की घण जिथे असेल तिथे थांबायचा. डोक्यावर असला तरी डोक्यावर. सहा वर्षांत तिचा एक घाव चुकला नव्हता की एक घाव जास्त झाला नव्हता.

त्या घरात प्रत्येक पुरुषाचा आपला ठसा असे. बोटभर लांबीची पोलादी कांब, टोकाला उलट्या अक्षरांत कोरलेलं नाव. विळा झाला, कुऱ्हाड झाली, की लाल पात्यावर ठसा ठेवून घणाचा एक घाव. नाव सुलटं उमटायचं. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याचा ठसा भट्टीत लाल करायचा आणि अक्षरं ठोकून सपाट करायची. गेलेल्याच्या नावानं कुणी माल खपवू नये म्हणून ही रीत. म्हाताऱ्यानं बापाचा ठसा असाच सपाट केला होता, भावाचाही. थोरल्या मुलाचा मात्र केला नाही. आठ महिने तो भट्टीवरच्या खिळ्याला कातड्यात गुंडाळून टांगलेला होता.

थोरला कसा गेला ते घणवालीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. एक गाडीवाला तक्रार घेऊन आला: तुम्ही गाडीला बसवलेला लोखंडी पाटा मोडला, गाडी उलटता उलटता वाचली. मोडका पाटाच सोबत आणला होता त्यानं. थोरला हसला. गाडीवाल्याला ऐरणीवर आडवा पाडून त्यानं त्याचं एक बोट सांडशीत धरलं आणि दाबलं. कट् असा आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. मग दुसरं धरलं. म्हातारा समोर हातोडी घेऊन बसला होता. ऐरणीवर ती दोनदा वाजली असती तर थोरला थांबला असता; लहानपणापासूनची सवय ती. पण म्हातारा मिशीत हसत राहिला. तिसरं बोट सांडशीत गेलं तेव्हा गाडीवाल्यानं दुसऱ्या हातानं तो पाटा उचलला आणि थोरल्याच्या कानशिलावर घातला. एकदाच. थोरला ऐरणीला मिठी मारून खाली बसला, आणि मग बसलाच.

गाडीवाल्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

"तो सुटेल तेव्हा पोरगं तेरा सरून चौदाव्यात असेल," म्हातारा येईल त्याला ऐकवायचा. "तुरुंगाच्या दारात ह्याच नावाचा माणूस उभा पाहिजे. हातात ह्याच नावाचा कोयता पाहिजे. त्याला बघू दे, कोण परत आलंय."

आणि हे ऐकून लोक माना डोलवायचे. लोकांना काय! न्हावी म्हणाला, "बापाचा शब्द आहे, मोडू नये." शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "नाव वाईट नाही, पण माझ्या यादीत ह्याहून बरी चाळीस आहेत." नणंद सासरहून मुद्दाम आली आणि म्हणाली, "वहिनी, माझ्या भावाचं नाव तुला जड झालं काय? एवढी कशानं चढलीस?" सुईण भुवईला पट्टी बांधून तेल लावायला येतच होती, पण आता ती तोंडातून चकार शब्द काढत नव्हती, आणि घणवालीला वाटे, सगळ्यांच्या मतांत हिचं गप्प बसणंच तेवढं वजनदार आहे.

नवरा धार लावायच्या दगडापाशी बसायचा. तिथे ती एकदा त्याच्याजवळ जाऊन बसली.

"अहो, तुम्ही बोला की काहीतरी."

"काय बोलू? नुसतं नाव तर आहे."

"नुसतं असतं तर सांडशी कशाला फेकली असती?"

त्यानं दगड फिरवायचा थांबवला. त्याच्या खालच्या ओठावर नवी चीर होती. "मी काल बोललो," तो म्हणाला. "ही बघ."

बाळाला निजवताना तिच्या तोंडी आपसूक शब्द येत, घणाच्या ठेक्यावर बसवलेले:

निज रे तान्ह्या बाळा, ऐरणीला नाही झोप,
तुझ्या रे नावापायी घरात उठला कोप.

सोळाव्या दिवशी म्हाताऱ्यानं फर्मान काढलं. उद्या कोयता घडवायचा, त्यावर ठसा मारायचा, गल्लीला दाखवायचा आणि तसंच उठून नोंदणी कचेरीत जाऊन नाव लिहायचं. घण कोण मारणार? धाकटी. "बाळंतीण आहे हो," सुईणीच्या तोंडून निसटलं. "एकच तर घाव आहे," म्हातारा म्हणाला. "मग झोप म्हणावं वर्षभर."

त्या दुपारी पाण्याच्या टाकीपाशी घणवाली दुपटी धूत होती. शेजारी मोठी जाऊ, थोरल्याची बायको, बादली भरत होती. ही जाऊ भाता ओढायची. घरात ती असून नसल्यासारखी. सगळ्यांनी सगळ्यांना मत विचारलं, तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला तर ते नाव हवंच असणार, असं जो तो धरून चालला होता. घणवालीनंही तेच धरलं होतं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुमचं मन मोडायचं नाही मला. पण उद्या माझ्या हातून तो घाव व्हायचा नाही."

जाऊबाईंनी बादली खाली ठेवली. त्यांची एक लकब होती: थोरल्याचं नाव कुणी उच्चारलं की त्या डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून घेत. आज त्यांनी ती वर सारली. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी सगळ्यांत पातळ असते तिथे, नाव होतं. सुलटं, स्वच्छ, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं. जळून पांढुरकं झालेलं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी," त्या म्हणाल्या. "भाजी खारट झाली होती. मामंजी तिथेच होते. म्हणाले, बरोबर आहे, आपल्या मालावर आपला ठसा नको?"

घणवालीच्या हातातलं दुपटं टाकीत बुडालं. कुणीच ते काढलं नाही.

"रोज त्या नावानं हाक मारणार तुम्ही," जाऊबाई म्हणाल्या. "जेव म्हणून, झोप म्हणून, शाळेत जा म्हणून. रोज. मी कुठे जाऊ गं?"

"ठसा लाल व्हायला किती वेळ लागेल?"

जाऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मी भाता ओढला तर? त्यांचं भाषण संपायच्या आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहारशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. न्हावी, मास्तरीणबाई, सुईण, नणंद, अर्धी गल्ली. कोयता घडून तयार होता, पातं भट्टीत लाल होत होतं. म्हाताऱ्यानं खिळ्यावरचं कातडं काढलं, ठसा सोडवला, कपाळाला लावला आणि ऐरणीच्या कडेवर ठेवला. मग तो वळला. नवऱ्याच्या हातातून बाळ घेतलं, दोन्ही हातांनी उंच धरलं.

"बघा रे! माझा थोरला! आठ महिने जमिनीखाली होता, आता वर आलाय!"

बाळ जिवाच्या आकांतानं रडायला लागलं. म्हातारा बोलत राहिला. गाडीवाल्याच्या बोटांचं सांगितलं, कोयत्याचं सांगितलं, तुरुंगाच्या दाराचं सांगितलं. कुठून घाव घालायचा, मानेच्या कोणत्या बाजूनं, तेही सांगितलं. मास्तरीणबाईंनी तोंड फिरवलं. त्याच्या पाठीमागे भाता असा घुमत होता की निखारे पांढरे पडले.

बाळ नणंदेच्या हातात देऊन म्हातारा ऐरणीकडे आला. कडेवर हात फिरवला. "ठसा कुठाय?"

"इथे," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांनी सांडशीनं तो निखाऱ्यांतून काढला. पिवळ्या उजेडाची कांडी झाला होता. त्यांनी तो ऐरणीवर ठेवला, अक्षरं वर करून, आणि घट्ट धरला. घणवालीनं घण उचलला.

म्हाताऱ्याच्या हाताला सवय होती. त्यानं हातोडी घेतली आणि ऐरणीच्या मोकळ्या अंगावर मारली.

टण्. टण्.

घण डोक्यावर थांबला. सहा वर्षांचं वळण ते; खांदे आपोआप अडले. ठशाचा पिवळा रंग नारिंगी होऊ लागला.

"त्या दिवशी का नाही वाजवली, मामंजी?" घणवालीनं विचारलं.

आणि घण खाली आणला.

ठिणग्या छतापर्यंत गेल्या. पहिल्या घावात अक्षरांचे कंगोरे मोडले. म्हातारा हातोडी उगारून तिच्यावर धावला. ती हातोडी तिच्या डोक्यात बसायची, पण मध्ये एक हात आला. नवऱ्याचा. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा. तो किंचाळला, गुडघ्यावर आला, पण त्यानं धड हातानं बापाचा पाय कवटाळला तो सोडला नाही. "मार!" तो ओरडला. "मार तू!"

ती मारत राहिली. जाऊबाई ठसा हलू देत नव्हत्या. घाव पडेल तसे त्यांचे दात वाजत होते, हात कळवळत होते. बाळंतपणाचे ओले टाके तुटले असावेत. घणवालीच्या पायांवरून गरम ओघळ उतरत होता. तिनं तो पाहिला आणि घण पुन्हा वर नेला. चौथ्या घावाला कांडीचं टोक नाण्यासारखं चपटं झालं. त्यावर काही नव्हतं.

मग म्हाताऱ्यानं ती चूक केली, जी लोहाराचं पोर चालायला लागायच्या आधीच करायची सोडतं. त्यानं मोकळा हात घातला आणि तापलेला ठसा मुठीत धरला.

त्याचा आवाज माणसाचा नव्हता. मूठ सुटेना; कातडीच चिकटली होती. जाऊबाईंनीच सांडशीनं ओढून ठसा काढला आणि पाण्यात टाकला. सूं करून वाफ आली आणि विरली. सुईण सगळ्यांत आधी पुढे झाली. म्हाताऱ्याचं मनगट धरून तिनं त्याचा हात पाण्यात बुडवला, वर काढला, उघडून पाहिला. तळहाताच्या मधोमध एक गोल भाजलं होतं, कोरं. एकही अक्षर उमटलं नव्हतं. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग पोराच्या मरणालाही न रडलेला माणूस भट्टीसमोर बसून हमसून हमसून रडू लागला. त्याला कुणी उगी म्हटलं नाही. पण सुईणीनं पट्टी बांधली ती हळुवार बांधली.

नोंदणी कचेरीत जायला चार दिवस उशीर झाला. नवऱ्याचा मोडका हात गळ्यातल्या झोळीत होता. घणवाली बाकावर बसून होती, तिला अजून फार वेळ उभं राहवत नव्हतं. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

"उशीर का?"

"घरात एकमत होत नव्हतं," नवरा म्हणाला.

"आता झालं?"

"नाही. पण एक मत विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं."

तो बाजूला सरला. जाऊबाई पुढे आल्या. बाळ त्यांच्याच कडेवर होतं. त्यांनी नाव सांगितलं. कारकुनाला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

घणवाली त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. बाही होती तिथेच राहिली.