तणमोराचा माळ

धम्मप्रिया लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. नामशेष होत चाललेल्या जिवांची नावं तिची पोरं चार पर्यायांतून एक निवडण्यापुरती पाठ करत, आणि तीही त्याहून जास्त काही सांगायच्या फंदात पडत नसे. पक्ष्यांचं वेड तिनं स्वतःपुरतं ठेवलं होतं. सुट्टीला गावी आली की दुर्बीण गळ्यात अडकवायची आणि एकटीच हिंडायची.

आषाढातल्या एका रविवारी मात्र वडील तिच्यासोबत निघाले. संघपाल एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर होऊन कारेगव्हाणला राहत होते. मुखेडहून तासाभराचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा मोठा माळ होता. तिथं झाडं लागणार होती, आणि कुठं काय लागणार ते त्यांना लेकीला दाखवायचं होतं.

याच माळावर तिची आई गेली. नीलाबाई रोजगार हमीच्या कामावर होत्या. वैशाखातली दुपार. ऊन लागून त्या कोसळल्या तेव्हा सावलीला न्यावं असं एक झाड जवळ नव्हतं. सोबतच्या बायांनी पदर पसरून त्यांच्यावर धरले. खाली रस्त्याला आणेस्तोवर सगळं संपलं होतं. संघपाल त्या दिवशी निलंग्याच्या गाडीवर होते.

रिटायर झाल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता. ग्रामसभेत उठून उठून ते बोलले, लोक कंटाळेपर्यंत बोलले. शेवटी गाव तयार झालं. शहरातली एक संस्था रोपं आणि जेसीबी द्यायला राजी झाली.

"हितून तिथवर लिंब," संघपाल हात लांबवून दाखवत होते. "त्या उताराला करंज. आन् तुझी माय पडली ना, तिथं पिंपळ."

धम्मप्रिया ऐकत होती. तेवढ्यात समोरच्या गवतातून काहीतरी काळं उसळलं. पुरुषभर उंच उडालं, पाय दुमडून क्षणभर हवेत टांगल्यासारखं राहिलं, आणि पुन्हा गवतात बुडालं. मागोमाग बेडूक ओरडावा तसा खर्रकन आवाज आला.

संघपाल हसले. "आरं तिच्या! कोंबडा म्हनावं का काय?"

धम्मप्रियानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. तो परत उसळला. काळी मान, पंखावर पांढरा डाग, डोक्यामागं उडणारे बारीक तुरे. तिनं दुर्बीण लावली, पण डोळे भरून आल्यामुळं तिला काहीच दिसेना.

"रडायला काय झालं गं?"

"आबा, तणमोर आहे तो. माझ्या कॉलेजच्या सरांनी उभी हयात शोधला, त्यांना न्हाई दिसला. अख्ख्या देशात काही शेकडेच राहिलेत."

"मग उड्या कशाला मारून राहिला?"

"मादीला दिसावं म्हणून. ती असणार इथंच, गवतात. अंडी घालेल."

संघपाल बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं की. झाडं लागली की त्येलाबी आसरा."

"न्हाई आबा. त्याला झाड चालत न्हाई. त्याला मोकळं गवत लागतं. गवत नांगरलं, खोदलं, म्हणून तर तो संपत आला."

"झाड कुनाला नको आसतंय?"

"याला."

संघपालांचा चेहरा उतरला. "तुझी माय सावलीविना मेली प्रिया."

तीही त्या आईचीच लेक होती. दोघं खाली उतरले. जेवताना संघपाल आपणहून म्हणाले, "पिल्लं कधी उडत्याल?"

"दिवाळीपर्यंत माळ मोकळा होईल."

"मग दिवाळीपर्यंत थांबू. गुरम्माला सांगतो मी. मग बघू कुठं लावायचं, किती लावायचं."

गुरम्मा गावच्या सरपंच. दुसऱ्या दिवशी संघपाल त्यांच्या दारात गेले खरे, पण तोंडातून पक्ष्याचं नाव निघेना. ज्या माणसानं झाडासाठी अख्ख्या गावाचं डोकं खाल्लं, त्यानंच आता एका पाखरासाठी झाडं नको म्हणायचं? लोक हसतील, असं त्यांना वाटलं. नीलाबाईला विसरला, असंही म्हणतील. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलंच होतं. ते म्हणाले, "डोळ्याचं काम हाय वो माझं. झाडाचं दिवाळीनंतर बघू."

श्रावणात ऑपरेशन झालं. धम्मप्रिया सुट्टी काढून त्यांना नांदेडला घेऊन गेली. तपासणीसाठी चार दिवस तिथंच नातेवाइकांकडं राहणं झालं. हिरवा चष्मा लावून संघपाल गावी परतले, तर एसटी थांब्यावर निम्मं गाव उभं. गुरम्मांनी त्यांच्या गळ्यात हार घातला.

"दादा, आधी वर चला माळावर. मग घरी."

काय झालं असेल ते धम्मप्रियाच्या ध्यानात आलं. तिनं वडिलांकडं बघितलं. ते खाली बघत होते.

माळ खोदलेला होता. ओळीनं चर आणि खड्डे, खड्ड्याखड्ड्यात रोप, रोपाला काठीचा आधार. शाळेच्या पोरांनी प्रत्येक काठीला रंगीत कागद बांधला होता. मधोमध पाटी होती: 'कालकथित नीलाबाई स्मृतिवन'. माती ओढण्यासाठी गवत जवळजवळ सगळीकडून खरवडून काढलं होतं.

"तुमी येईस्तोवर उरकायचं ठरवलं सगळ्यांनी," गुरम्मा सांगत होत्या. त्यांचा आवाज आनंदानं भरून आला होता. "नव्या डोळ्यानं पयलं हेच दिसावं म्हनलं. पोरंसोरं, म्हातारी मानसं, समदे राबले बगा."

संघपालांनी हात जोडले. त्यांच्या गालावरून पाणी आलं, ते लोकांना साहजिकच वाटलं. "रडू नगा दादा, डोळ्याला बरं न्हाई," असं कुणीतरी म्हणालं.

लोक पांगल्यावर धम्मप्रिया मातीचे ढीग बघत फिरली. एका चराच्या कडेला, उकरलेल्या मातीत, तिला टरफलं सापडली. हिरवट, तपकिरी ठिपक्यांची. तिनं ती तळहातावर घेतली आणि वडिलांसमोर धरली.

"गुरम्माकाकूंना तुम्ही सांगितलं होतं ना?"

"डोळ्याचं सांगितलं," संघपाल म्हणाले. "ह्येचं न्हाई. लाज वाटली मला."

तिला खूप बोलायचं होतं. पण हिरव्या चष्म्याआडून बघणाऱ्या त्या माणसाला काय बोलावं? ती तिथंच मातीवर बसली. थोड्या वेळानं संघपाल जवळच्या लिंबाच्या रोपापाशी गेले, वाकले, त्याचा शेंडा मुठीत धरला.

"उपटू का? समदी उपटतो मी. सांग."

"नको."

"मग काय करू?"

"काही नको आबा. उपटून गवत थोडंच येणार आहे लगेच."

पुढचे काही दिवस नर तिथंच होता. खोदलेल्या माळाच्या टोकाला गवताची एक पट्टी वाचली होती, तिथून तो उसळायचा. पहिल्यापेक्षा जास्त वेळा, असं संघपालांना वाटे. मादी त्यांना दिसली नाही. मग एका सकाळी तोही दिसला नाही.

त्यानंतरच्या ग्रामसभेत संघपाल उठले आणि सगळं बोलले. तणमोराचं, टरफलांचं, आपल्या लाजेचं. कुणी हसलं नाही. गुरम्मा म्हणाल्या, "दादा, येक शब्द तरी बोलायचा. थांबलो नसतो का आमी?" माळाचा पलीकडचा उतार गवतासाठी राखायचं ठरलं. पावसाळ्यात तिथं गुरं सोडायची नाहीत, खोदायचं नाही.

गावानं शब्द पाळला. लावलेल्या रोपांपैकी निम्मी उन्हाळ्यात जळाली. उरलेल्यांना संघपाल स्वतः पाणी घालतात, आणि आषाढ लागला की रोज सकाळी उतारावर जाऊन बसतात. पहिल्या वर्षी ते घरी आले की धम्मप्रिया फोन करायची, "दिसला का?" दुसऱ्या वर्षीही केला. यंदा तिनं विचारणं सोडलं. आता तेच तिला फोन करतात.

"गवत लई चांगलं आलंय," ते परवा म्हणाले. "मांडीला लागतंय."

"हाव आबा."

"वारं सुटलं की अशा लाटा येतात बघ."

"हाव."

क्लासची वेळ झाली होती, पण फोन ठेवायला तिचं मन होईना.