माझा चौथा पाय

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. माझे तीन पाय सागवानी आहेत आणि चौथा साध्या फळीचा, रंगही न दिलेला. तो असा का, ते आज सांगूनच टाकतो. लाकूड झालो म्हणून काय झाले, मनात किती दिवस ठेवायचे?

मला खालच्या आळीतल्या मिस्त्रीने घडवले. तरुण सुतार होता तो. हौसेने रंधा मारला, एकही खिळा न ठोकता पाय बसवले आणि मला नेऊन ठेवले वरच्या आळीतल्या टेलरच्या दुकानापुढे. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. काम संपले की माझ्यावर बसायचे, एकमेकांना शिव्या घालायचे आणि पोट धरून हसायचे.

आमची वस्ती एवढीशी, पण भांडण केवढे! वरची आळी एका पक्षाची, खालची दुसऱ्याची. आजोबांनी जिथे शिक्का मारला तिथेच नातू मारणार. मन वळवायच्या भानगडीत कोणी पडतच नसे. मत कोणाला जाणार हे ठरलेले, मत द्यायला पोचणार कोण एवढाच प्रश्न. म्हणून आपल्या आजाऱ्यांना खाटेवर घालून आणायचे आणि दुसऱ्या आळीतल्या दारांना बाहेरून कड्या घालायच्या. मतदान दुकानासमोरच्या शाळेत होई, त्यामुळे मी सगळे पाहिले आहे. फुटलेली डोकी पाहिली, रस्त्यावर पडलेले दात पाहिले. एकदा गवळ्याच्या कानाचा तुकडा दोन दिवस माझ्याखाली पडून होता. शी! अजून आठवले की नको वाटते.

या मारामारीला दोघे दोस्त विटले. एके वर्षी टेलर म्हणाला, "तू मत देऊ नकोस, मीही देत नाही. तुझं माझं फिटलं." तेव्हापासून मतदानाच्या दिवशी दोघे सकाळपासून पेटी बंद होईपर्यंत माझ्यावर बसून एकमेकांवर पहारा ठेवत. लघवीलासुद्धा जोडीनेच जात. अशा पाच निवडणुका गेल्या.

पाचव्या खेपेला खालची आळी एका मताने हरली. झाले! मिस्त्रीने मत दिले असते तर बरोबरी झाली असती, हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. अहो, मग टेलरनेही दिले असते, फरक तेवढाच राहिला असता. पण हे एकाच्याही टाळक्यात शिरेना.

पुढच्या निवडणुकीला मिस्त्रीचा सख्खा पुतण्या चौघांना घेऊन दुकानापुढे आला.

"काका, उठा. या वेळी मत द्यायचंच."

"मी शब्द दिलाय रे."

"आळीपेक्षा हा टेलर मोठा झाला काय?"

त्यांनी मिस्त्रीच्या काखेत हात घातले. टेलरने त्याला कमरेला मिठी मारली. ओढाताणीत मी आडवा झालो. ते पाहून वरच्या आळीचे लोक विटा आणि सायकलच्या साखळ्या घेऊन धावले. एकाचे डोके माझ्या कडेवर आपटले, त्याचे रक्त माझ्या भेगेत मुरले. शाळेतल्या दोन पोलिसांनी पेटी वाचवायला आतून दार लावून घेतले. तेवढ्यात पुतण्याने माझा एक पाय पिरगाळून उपटला आणि टेलरच्या उजव्या हातावर हाणला. एकदा नाही, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मित्रांनो. माझ्याच पायाने मोडले ते. मी काय करणार होतो? पण अजूनही मला ते सहन होत नाही.

टेलरची मिठी सुटली. शाळेचे दार उघडल्यावर मिस्त्रीला फरफटत नेऊन रांगेत उभे केले. तो मत देऊन आला आणि मान खाली घालून घरी गेला.

निकाल लागला. खालची आळी या वेळी दोन मतांनी हरली! काकांना नेऊनही फरक वाढला कसा, म्हणून पुतण्या कपाळ बडवत बसला.

दोन महिन्यांनी टेलर दुकानात आला. उजव्या हाताची तीन बोटे वाकत नव्हती, त्याला कात्रीही धरवेना. मिस्त्री नवा पाय बसवायला आला, तर टेलरने पाठ फिरवली. जुना पाय मिस्त्रीने केव्हाच चुलीत घातला होता. नवा पाय ठोकून झाल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझा हात मोडला होता ना. म्हणून तुझं मत मी देऊन आलो, तुझ्याच पक्षाला."

टेलर गर्रकन वळला आणि ओरडला, "गाढवा, मग तुझं कोणी दिलं?"

आणि दोघे माझ्यावर बसून हसले, हसता हसता रडले. ती बोटे काही पुन्हा वाकली नाहीत. टेलरच्या सुईत दोरा आता मिस्त्री ओवून देतो.

मित्रांनो, हे गुपित मी फक्त तुम्हाला सांगितले आहे. निवडणूक पुन्हा आली आहे. पुतण्या रोज समोरून जातो, माझ्याकडे बघतो. माझ्यावर बसा, भांडा, वाटेल त्याला मत द्या. फक्त माझे तीन सागवानी पाय अजून शिल्लक आहेत, ते कोणाच्या हाती लागू देऊ नका.