शिंकेनं उडालेली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. आता तुम्ही म्हणाल, खिडकी म्हणजे गज, तावदान, कडी. मित्रांनो, माझ्यापाशी यातलं काही म्हणजे काही नव्हतं. एक्केचाळीस वर्षं मी नुसती कागदावर होते. भिंतीच्या दोन जाड रेघा, त्यांच्या मधे तीन बारीक रेघा, झाली खिडकी! लांबी एक सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर. एखादी मुंगी माझ्यात आडवी झाली असती तर तिचे पाय बाहेर लोंबले असते.

माझा जन्म एका उतरत्या टेबलावर झाला. कानावर पेन्सिल खोचलेले एक आखणीकाका होते, घरांचे नकाशे काढणारे. एके दिवशी त्यांच्याकडे एक तरुण नवरा आला. नवं घर बांधायचं होतं. खोल्या झाल्या, जिना झाला, आणि मग तो जरा लाजत म्हणाला, "स्वयंपाकघराला पूर्वेकडे एक खिडकी हवी."

"पूर्वेकडे शेजाऱ्यांचं घर आहे की."

"बुटकं आहे हो ते. त्याच्या कौलांवरून ऊन येतं. आमच्या हिला सकाळचं ऊन आवडतं. चहाचा कप घेऊन उन्हात उभी राहते. थंड होतो चहा, तरी हलत नाही."

काका हसले. "उन्हाची परवानगी मिळत नाही साहेब. खिडकीची काढून देतो." आणि त्यांनी मला काढली. पेन्सिलीचं टोक नुकतंच तासलेलं होतं. अजून गुदगुल्या आठवतात.

मग नकाशा कचेरीत गेला. तिथे एक लांब टेबल, त्यावर एक खडूस साहेब. त्यांनी माझ्यावर बोट ठेवून विचारलं, "ही खिडकी बागेकडे का नाही?" त्या नवऱ्याने तिथल्या तिथे समासात काहीतरी लिहून सही केली. साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, आणि धप्पकन शिक्का मारला. कुणीतरी लाडाने पाठीत धपाटा घालावा तसं वाटलं मला. मी मंजूर झाले! नकाशाची एक निळी प्रत घरी गेली, आणि मी फायलीत बसून बांधलं जायची वाट बघू लागले.

तुम्ही विचाराल, फायलीत बसून तुला पुढचं कसं कळलं गं? अहो, खिडकी आहे मी. मला दिसतं. मला येणारं ते एकच काम.

तर घराच्या भिंती डोक्याच्या वर गेल्या. गवंडी माझी जागा मोकळी सोडून वर तुळई बसवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरची बाई बांधकाम बघायला आली. तेव्हा ती चोवीस वर्षांची, नाकावर माशी बसू न देणारी. ती माझ्या जागेत उभी राहिली, तर समोर दोन-अडीच हातांवर शेजारच्या काकूंची खिडकी, आणि त्या खिडकीत काकू. काकू डोकावून म्हणाल्या, "अगंबाई, हे स्वयंपाकघर होय? माझं न्हाणीघर एवढं आहे!"

झालं. बाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने गवंड्याला हाक मारली. "ही खिडकी बुजवा. आत्ता. मला रोज सकाळी उठून ते तोंड बघायचं नाही."

"बाई, साहेबांना विचारून..."

"साहेब स्वयंपाक करणारेत का?"

दुपारपर्यंत मी गायब. संध्याकाळी नवरा आला. त्याने भिंत बघितली, बायकोकडे बघितलं, आणि म्हणाला, "बरं." बाहेर जाऊन गवंड्याशी बराच वेळ बोलत राहिला. बाईला वाटलं, पाण्याच्या टाकीचं काहीतरी चाललंय. घरच्या निळ्या प्रतीचे तिने चार तुकडे केले आणि डब्यांच्या फळीवर अंथरले. माझं तोंड खाली. माझ्यावर साखरेचा डबा.

मित्रांनो, राग असतो आठ दिवसांचा आणि भिंत असते जन्माची. महिन्याभरात बाईला चूक कळली. पण कबूल कोण करणार? काकूंना कळलं असतं तर त्या हसल्या असत्या! मग मुलं झाली, मुलं विचारू लागली, "आई, आपल्या स्वयंपाकघराला खिडकी का नाही?" तेव्हा बाईने डोळे मोठे करून सांगितलं, "अरे, नकाशात खिडकी काढलीच होती. पण आखणीवाल्याला अशी काही शिंक आली, अशी शिंक आली, की खिडकी कागदावरून उडाली ती गेलीच!" मुलं खूश. नातवंडांपर्यंत ती शिंक वाढत वाढत गेली. शिंकेने टेबल उलटलं, शिंकेने कचेरीचं छप्पर उडालं, आणि मला म्हणे एका कावळ्याने चोचीत धरून नदीपलीकडे नेलं. ऐकून मीही खूश व्हायचे. कुणीतरी माझी आठवण काढतंय ना.

खरी मी मात्र फायलीत होते, कचेरीच्या मागच्या खोलीत, वरून तिसऱ्या फळीवर. तिथे माझ्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. एक गॅलरी होती, ती सारखी म्हणायची, "मी तीनदा मंजूर झाले, आणि एकदाही कुणी माझ्यात कपडे वाळत घातले नाहीत." एक जिना होता तेरा पायऱ्यांचा, वरचा मजलाच नामंजूर झाल्याने तो कुठेच पोचत नव्हता. एक गोल विहीर होती, कंपासने काढलेली, फार सुरेख. दुपारी पंखा फिरला की पानं हलायची, आणि आम्ही एकमेकींकडे जाऊन यायचो. मी उघडले की जिन्यावर ऊन पडायचं. पेन्सिलीचं ऊन, करडं, मऊ. गॅलरी त्यात केस सुकवायची. विहिरीत माझं चौकोनी प्रतिबिंब डुलायचं. जिना हळूच विचारायचा, "कुणाची पावलं ऐकू येतात का गं?" मी बघायचे, आणि खोटंच म्हणायचे, "येतायत, येतायत."

असे दिवस गेले. आखणीकाका गेले. तो नवराही आजोबा होऊन, आठ वर्षांपूर्वी गेला. शेवटपर्यंत त्याने खिडकीचा विषय काढला नाही. रोज सकाळी बायकोच्या हातात चहाचा कप द्यायचा आणि स्वयंपाकघरातला दिवा लावायचा. म्हणायचा, "घे, तुझं ऊन."

आता घरात सूनबाई होती. मोठी गुणाची, पण भरदुपारी दिवा लावून कांदा चिरायची आणि तरी वर्षात तीनदा तिने अंगठा कापून घेतला. शेवटी तिने ठरवलं, स्वयंपाकघर नवं करायचं. ओटा इकडचा तिकडे, मोरी कोपऱ्यात, आणि पूर्वेच्या भिंतीत खिडकी. तिने अर्ज लिहिला, नवा नकाशा जोडला आणि कचेरीत गेली.

कचेरीतही खिडक्या असतात बरं का. क्रमांक चारची खिडकी माझी लांबची बहीण म्हणा, पण जरा शिष्ट. काचेला अर्ध्या चंद्रासारखं भोक, आणि अर्ज आत गेला की पंधरा दिवसांनी बाहेर. सूनबाईचा आला तो लाल शाईने माखून. ओटा मंजूर, मोरी मंजूर, खिडकी नामंजूर.

"का हो?" तिने वाकून भोकातून विचारलं.

"शेजारचं घर तीन मीटरच्या आत आहे, ताई. नव्या नियमात त्या बाजूला नवी खिडकी बसत नाही."

"आणि जुनी असती तर?"

"जुनी मंजूर असेल तर प्रश्नच नाही. आहे का?"

"कुठली हो! आमच्या खिडकीला शिंक लागली," असं म्हणून ती घरी आली. पिशवी ओट्यावर टाकली आणि तिथेच पाटावर बसली. सासूबाई, म्हणजे तीच आपली नाकावर माशी न बसू देणारी, कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या.

"राहू दे आता ते स्वयंपाकघर," सूनबाई म्हणाली. "ओटा हलवून काय करू? अंधार तोच. लग्न होऊन आले तेव्हापासून मला या खोलीत दिवस कधी उजाडला ते कळत नाही, आई. तो आखणीवाला भेटला असता ना, तर विचारलं असतं, बाबा रे, रुमाल नव्हता का तुझ्याकडे?"

एरवी सासूबाई हसल्या असत्या. आज त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. सूनबाईच्या अंगठ्यावरची पट्टी त्यांना दिसत होती. त्या हळूच उठल्या, साखरेचा डबा उचलला, त्याखालचा चिकट निळा तुकडा ओढून काढला आणि सुनेच्या मांडीवर ठेवला.

"शिंकबिंक काही नाही गं. मी बुजवली."

सगळं सांगितलं त्यांनी. न्हाणीघर, काकू, गवंडी, सगळं. सूनबाईने तो तुकडा दिव्याखाली धरला. मग म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं मी त्या बिचाऱ्या माणसाला शिव्या घालतेय?"

"मी पण घातल्यात. तुला सोबत म्हणून."

सूनबाईला रागही आला आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्याने उचकी लागली. पाणी पिऊन ती म्हणाली, "उठा. चप्पल घाला."

चार तुकडे जोडले तरी त्यांवरचा शिक्का कधीच पुसला गेला होता. कचेरीतली मूळ फाईल हवी होती. आणि मित्रांनो, त्याच आठवड्यात आमच्या खोलीची साफसफाई चालली होती! चाळीस वर्षांपुढच्या फायली पोत्यांत भरून लगद्याच्या कारखान्यात जायच्या होत्या. गॅलरी गेली होती आधल्या दिवशीच. जाताना म्हणाली, "बघू, तिथे तरी कुणी कपडे वाळत घालतं का." जिना आणि मी एकाच पोत्यात होतो. पोत्याचं तोंड शिवलं होतं. आत इतका अंधार, की मला पहिल्यांदाच काही दिसेना. आपण खिडकी आहोत की नुसत्या तीन रेघा, हेसुद्धा आठवेना.

बाहेर आवाज आला. कचेरीच्या फायली सांभाळणाऱ्या दप्तरमावशी सांगत होत्या, "आजी, गाडी दारात उभी आहे. आता सत्तावीस पोती कोण उसवणार?"

"मी," आजी म्हणाल्या, आणि जवळच्या पोत्यावर ठाण मांडून बसल्या. "पोती न्यायची तर मला घेऊन न्या. माझाही लगदा होऊन जाऊ दे."

मी त्याच पोत्यात होते हो! एक्केचाळीस वर्षांनी बाई माझ्यापाशी आली, तीही माझ्यावर बसायला.

"अहो आजी, उठा!"

"मला गुडघ्याचा त्रास आहे. बसले की उठायला तास लागतो."

दप्तरमावशी खूप वैतागल्या, मग हसल्या, मग कात्री घेऊन आल्या. आजी बसल्या होत्या तेच पोतं शेवटी उसवलं. बाकीच्या सव्वीस पोत्यांत काही न सापडल्यावर! फाईल उघडली, धूळ उडाली, आणि सूनबाई खरोखरच शिंकली. आजींनी झडप घालून माझ्यावर हात ठेवला. "सांभाळ गं! पुन्हा उडेल."

हात बाजूला केला तेव्हा त्यांना समासातलं अक्षर दिसलं. ती ओळ घरच्या प्रतीवर नव्हतीच कधी. 'खिडकी पूर्वेलाच हवी. पत्नीला सकाळचं ऊन आवडतं.' खाली सही.

आजींनी पदराने आधी चष्मा पुसला, मग कागद.

चार दिवसांनी साहेब जागा बघायला आले. हे नवे साहेब, तरुण, हातात मोजपट्टी. म्हणाले, "कागदावर खिडकी आहे, मान्य. पण जागेवर कधी होती का? नुसत्या कागदावर मला सही करता येणार नाही."

सूनबाईने कामासाठी बोलावलेल्या मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने भिंतीवर हातोडी ठोकत ठोकत कान लावला. एके ठिकाणी थांबला. गिलाव्याचा पोपडा पडला, आणि मागे दिसली तुळई. अख्खी. सरळ. तिच्या खालच्या विटांत त्याने थापीचं टोक घातलं, तर वीट दातासारखी हलली.

"साहेब, इथे सिमेंट नाहीच. नुसत्या मातीत मांडून ठेवल्यात विटा," मिस्त्री म्हणाला. "हे बुजवलेलं नाही. कुणीतरी पुन्हा उघडायच्या बोलीवर झाकून ठेवलंय."

आजींनी पुढे होऊन त्या हलत्या विटेवर हात ठेवला. ती संध्याकाळ त्यांना आठवली. पाण्याच्या टाकीचं बोलणं!

"एवढी वर्षं थांबले ते," त्या म्हणाल्या. "एका शब्दाने बोलले नाहीत. नुसता दिवा लावायचे."

साहेबांनी मोजपट्टी लावली. एक मीटर वीस. अगदी माझं माप, शंभरपट! तिथेच, पोळपाट पालथा घालून, त्यावर कागद ठेवून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने पहिली वीट आजींच्या हाताने काढवली. विटेएवढं ऊन आत आलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसलं. मग दुसरी, तिसरी. मला काय झालं ते कसं सांगू? फायलीतल्या कागदावरून मी सरसर मोठी होत गेले. सेंटिमीटरची मीटर झाले. खरी हवा, ओल्या मातीचा वास, कौलांवर चिमणी. सूनबाई दिवा बंद करायला गेली आणि बटणावर हात ठेवून नुसती उभीच राहिली.

अडीच हातांवरची खिडकी उघडली. पांढऱ्या केसांच्या काकू डोकावल्या. एवढी वर्षं समोर नुसती भिंत बघून त्यांचेही डोळे कंटाळले असणार.

"झालं का गं तुझं स्वयंपाकघर?" काकूंनी विचारलं. "किती वेळ लावलास!"

आजींच्या हातात चहाचा कप होता. त्या उन्हात उभ्या, आणि चहा केव्हाच थंड झाला होता.

"ये की बघायला," त्या म्हणाल्या. "अजून तुझ्या न्हाणीघराएवढंच आहे."

मित्रांनो, आता मला गज आहेत, तावदान आहे, कडीसुद्धा आहे, जराशी कुरकुरते. माझं एवढंच मागणं आहे. तेरा पायऱ्यांचा जिना अजून त्या कचेरीत आहे. दप्तरमावशींनी त्याला परत तिसऱ्या फळीवर ठेवलंय. कधी तिकडे गेलात तर पाय जरा वाजवत चाला. त्याला ऐकू येऊ दे. आणि घरी आलात की एकदा सगळ्या भिंतींवर टकटक करून बघा. एखादी पोकळ वाजली, तर समजा, कुणीतरी तुमचा राग उतरायची वाट बघत विटा मातीत मांडून ठेवल्यात. त्याला एक्केचाळीस वर्षं थांबवू नका. चहा फार थंड होतो.