तलाव बुजवायला आलेला कॅप्टन

चक्रीवादळ यायच्या आदल्या दिवशी व्हर्लीन टिबेट्सनं तीनदा बजावलं होतं, पोहण्याच्या तलावाचं पाणी सोडू नका म्हणून. "रिकामं भांडं तरंगतं, बाबांनो! खालच्या वाळूत पाणी चढलं की अख्खा हौद वर येईल." पण फ्लोरिडाच्या त्या हवाई तळावर सत्तावीस वर्षं पोरांना पोहायला शिकवणाऱ्या बाईचं ऐकतो कोण? हुकूम सुटला, तलाव रिकामा झाला. वादळ ओसरल्यावर बघतात तर हौद जमिनीतून हातभर वर आलेला आणि मधोमध तडकलेला.

आधी धावपट्टी, मग विमानांच्या शेड, मग घरांची छपरं असं करत तलावाची पाळी यायला दीड वर्ष गेलं. तीही बुजवण्यासाठी. बांधकाम विभागाचा नवा कॅप्टन हॉलिस प्रुइट नकाशा घेऊन हजर झाला.

"इथं गाड्या लावायला जागा करतोय, मॅडम."

"गाड्या बुडत नाहीत, कॅप्टन. पोरं बुडतात. कुंपणापलीकडे खाडी आहे, दिसली ना?"

"शहरात आहे की तलाव."

"पाऊण तासावर! नवरा मोहिमेवर, पदरात दोन पोरं, कोणती बाई रोज जाईल? उद्या सकाळी खाडीच्या धक्क्यावर या. आमचा वर्ग तरी बघा."

तलाव मोडल्यापासून ती खाडीच्या उथळ पाण्यात दोर बांधून शिकवत होती. कॅप्टन आला खरा, पण धक्क्याच्या फळ्या जिथं सुरू होत होत्या तिथंच थबकला. पुढे पाऊल पडेना. व्हर्लीननं असले हजारो चेहरे पाहिले होते. पोरं गेल्यावर तिनं हलकेच विचारलं, "किती वर्षांचे होता?"

"सात. मामाच्या शेततळ्यात पडलो. ओढून काढलं वेळेवर. पण तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की जीव घाबरा होतो."

"मग उद्यापासून वर्गात या. सहा वर्षांच्या पोरांबरोबर. हसतील, पण चहाड्या करणार नाहीत."

तो आला! सहा फुटांचा गडी दोर घट्ट धरून उभा, आणि भोवती चिल्लीपिल्ली. "कॅप्टन, बुडबुडे काढा ना, तोंड घाला पाण्यात! मी चार वर्षांची असतानाच घातलं होतं," एक दात पडलेली मुलगी ओरडली. पहिले दोन आठवडे त्याचे ओठ पांढरेफटक असायचे. पाचव्या आठवड्यात तो पाठीवर तरंगला. व्हर्लीननं मानेखालचा हात केव्हा काढून घेतला, हे त्याला कळलंही नाही. कळलं तेव्हा तो आकाशाकडे बघत मोठ्यानं हसला.

त्याच आठवड्यात त्यानं जुना नकाशा फाडला आणि नवा काढला. नव्या तलावाच्या तळाला झडपा होत्या, म्हणजे खालून पाण्याचा दाब आला की त्या उघडून पाणी आत घेतील आणि हौद उचलला जाणार नाही. नकाशा घेऊन तो व्हर्लीनसकट तळाच्या प्रमुख कर्नल स्ट्राउडबाईंसमोर उभा राहिला.

"बुजवा म्हणणारे तुम्हीच ना?" कर्नलबाईंनी भुवई उंचावली.

"हो, मॅम. तेव्हा मला पोहता येत नव्हतं."

"आणि गाड्यांचं काय?"

"लोक चालत येतील, मॅम. सैन्यात आहेत."

कर्नलबाई हसू दाबत खाली वाकल्या आणि सही केली.

वरच्या मंजुरीला पाच महिने लागले, बांधायला एक वर्ष. उद्घाटनाच्या दिवशी निळ्याशार पाण्याभोवती सारा तळ लोटला. पहिली फेरी कॅप्टन प्रुइटची. त्यानं सूर मारला. अर्ध्यावर दम लागला, हात जड झाले, तेव्हा काठावरून पोरं एका सुरात ओरडू लागली, "बुडबुडे! बुडबुडे काढा!" त्यानं पाण्यात श्वास सोडला, लय सापडली आणि पलीकडच्या भिंतीला त्याचा हात थाडकन लागला. शिट्ट्यांनी आसमंत दणाणला.

व्हर्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायला तिला सवड कुठली? त्र्याऐंशी नवी पोरं रांगेत चुळबुळत होती. चौसष्ट वर्षांच्या त्या बाईनं नवेकोरे कपडे अंगावर असतानाच काठावरून धप्पकन उडी घेतली आणि वर येऊन ओरडली, "बघताय काय? या की आत!"