पैठणी चालते, सरोजिनी नाही

१९७४ सालचा चैत्र. कर्जतच्या एका देवळाच्या सभागृहात पद्मजा जुनी वस्त्रं मांडत होती. कर्जतच्याच अप्पांची ही मुलगी मुंबईत नाटकांची वेशभूषा करायची. सवड मिळेल तशी तालुक्यात हिंडून तिनं लुगडी, खणाच्या चोळ्या जमवल्या होत्या. कोण काय, कसं नेसत असे, याची चित्रं काढली होती. "आपण ठेवलं नाही तर हे सगळं विसरलं जाईल," ती म्हणायची.

मधोमध तिनं वहिनीची, सरोजिनीची, लग्नातली जांभळी पैठणी लावली. अप्पांनी ती आपणहून पेटीतून काढून दिली होती. पद्मजाचा भाऊ गेल्यापासून सरोजिनीला मात्र रंगीत काही नेसायला मिळालं नव्हतं.

उद्घाटनाला हळदीकुंकू होतं. पद्मजा वहिनीला घेऊन आली, तसे अप्पा दारातच आडवे आले.

"हिला घरी पाठव. आत सवाष्णी बसल्यात."

"अप्पा, पैठणी तिची आहे!"

"पैठणी घराण्याची आहे. हिचा आता तिच्याशी काय संबंध?"

"मुहूर्तावर पांढरं कपाळ कशाला आणलंस गं?" आतून गोदूकाकू ओरडल्या.

सरोजिनी मागे फिरली, पायरीवर थांबली, आणि एकदम अप्पांच्या बाजूनं आत शिरली. तिनं पैठणी उतरवून खांद्यावर घेतली.

"ही माझ्या आईनं स्वतःच्या अंगावरची दिली होती. तुमच्या घराण्याची नाही."

बायका ताडकन उठल्या. पद्मजानं कॅमेरा उचलून वहिनीचा फोटो काढला.

"दोघींनी घराची पायरी चढायची नाही!" अप्पा गरजले.

दोघींनी नेरळला खोली घेतली. लोकांनी आपापली लुगडी परत नेली. कुणी चित्रं फाडून दारात टाकली. नव्यानं वस्त्र द्यायला कोणी तयार होईना.

मग एका सकाळी कळंबची सोनुबाई गाठोडं घेऊन आली.

"नवरा मेला तवा सासू ह्ये जाळाया निघालेली. मी लपवलं. माजा फोटू काडशील का गं, बाय?"

सरोजिनीनं तिला गाठोड्यातलं हिरवं लुगडं नेसवलं. नेसून झालं तरी सोनुबाई दाराकडेच बघत होती. स्वतःचं लुगडं अंगावर असताना ती चोरी केल्यासारखी कोपऱ्यात सरकत होती. ही भीती तिच्यात कुणी भरली, हे आपण सारेच जाणतो.

"कोन बगंल गं!" ती पुटपुटली.

सरोजिनीनं उठून दार सताड उघडलं.

"बघू देत," ती म्हणाली.