आईच्या मापाचा दांडा

चकचकीत टाइलवर साबणाचं पाणी ओतलं, वर रबरी चप्पल ठेवून तिच्यात अर्धी वीट टाकली आणि टाइल एका कडेनं हळूहळू उचलली, तर अकरा अंशांच्या आसपास चप्पल निसटते. खडबडीत टाइलवर तीच चप्पल सव्वीस अंशांपर्यंत जागची हलत नाही. कोनमापक मुलीच्या कंपासपेटीतला होता, त्यामुळं अंशभर चूक धरायला हवी.

सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. "कॉलेजात शिकवून पोट भरलं न्हाई का गं मंजू? टाइल अशी घेतेत का कुणी? डोळ्याला बरी वाटली की घ्यायची."

"डोळ्यांनी कुठं चालायचंय, आत्याबाई?"

माझे यजमान रविकिरण हसले. त्यांना उदगीरच्या काकांकडं आहे तशी फरशी हवी होती, तोंड दिसेल अशी.

नांदेडच्या आमच्या घरातली खालची बाथरूम उकरून काढली होती. जमीन खडबडीत, दाराला उंबरा नाही, उतार थेट जाळीकडं, हे मी ठरवून टाकलं होतं. प्रत्येकाला दुसरंच कारण सांगितलं होतं. खडबडीत कशाला, तर शेवाळ. उंबरा का नको, तर वॉशिंग मशीन आत न्यायचंय.

खरं कारण जळकोटला होतं. तिथं माझी आई, शिवगंगा, एकटी राहते. तिचा डावा गुडघा वाकत नाही. भाऊ संगमेश्वर तिला पुण्याला घेऊन गेला होता. गेल्या वर्षी तिथं ती बाथरूममध्ये पडली आणि हट्टानं परत आली. तेव्हापासून तिला एकटीनं अंघोळ करायची भीती वाटते. शेजारची पंचफुला शेतातून परतली की दुपारी तिला अंघोळ घालते. अंघोळीनंतर गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आणि पूजेनंतरच तोंडात घास, हा नेम तिनं कधी मोडला नाही. म्हणजे पंचफुला येईपर्यंत चहासुद्धा नाही. फोनवर विचारलं की म्हणायची, "जेवले की." गेल्या महिन्यात न सांगता गेले, तेव्हा भर दुपारी ती दारात बसून रस्त्याकडं बघत होती. ओठ पांढरे पडले होते.

लेकीच्या घरी आईनं राहायचं नसतं, हे मला दोन्ही घरांनी शिकवलेलं. आई नांदेडला आली तरी संध्याकाळच्या एसटीनं परत जाते.

"मॅडम, तो दांडा कुठं घ्यायचा?" मल्लेश मिस्त्रीनं आतून विचारलं. "वीट पोकळ हाय. आधी आत काँक्रीट भरावं लागतंय."

"कसला दांडा?" रविकिरण म्हणाले.

"धरून उठायला," मी म्हणाले.

सासूबाई उठून दारात आल्या. "माझ्यासाठी? अगं, मी अजून उकिडवी बसून पायलीभर तूर निवडते! पाव्हणे आले तर म्हणतील, उमादेवीनं घरात दवाखाना काढला."

"राहू दे मल्लेश," रविकिरण म्हणाले. "लागला तर पुढं बघू."

"पुढं म्हंजे टाइल फोडावी लागंल, साहेब."

मी पेन्सिल घेऊन भिंतीवर रेघ मारली. "इथं."

मल्लेशनं रेघेकडं पाहिलं, मग सासूबाईंकडं. "लई खाली होतंय. आजी तर उंच हायत."

"त्यांच्या मापाचा नाहीच तो."

"मग कुणाच्या?" रविकिरणनी विचारलं.

सासूबाईंना आधी कळलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "जळकोटच्या ताई येणार हायत का? येऊ दे की. चार दिवस राहतील. पण चार दिवसांसाठी भिंत फोडतेत का, बाई?"

"चार दिवसांसाठी नाही."

"मग?" मऊपणा गेला. "पोटचा पोरगा जिता असून जावयाच्या दारात? लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

"हे दार माझंही आहे, आत्याबाई. लोकांना सांगा, सुनेनं ऐकलं नाही."

"मंजू, आपण निवांत बोलू ना," रविकिरण हळूच म्हणाले. "मिस्त्रीसमोर कशाला?"

"वर्षभर निवांतच होते मी."

"आणि त्या तरी येतील का?" सासूबाई म्हणाल्या. "लेकीच्या घरचं पाणी पिताना दहादा विचार करणारी बाई ती."

"नको म्हणेल. भांडेल माझ्याशी. ते मी बघते."

मल्लेश छिन्नी हातात धरून थांबला होता, एकदा साहेबांकडं बघत, एकदा माझ्याकडं.

"फोड," मी त्याला म्हणाले. मग दोघांकडं वळले. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला, आणि तो मी खाली आणला नाही. "आई इथं राहायला येणार आहे. कायमची."